चकाकीखालचे ओरखडे: कवळीच्या पॉलिशवरच्या प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४, सोमवार. चरई, ठाणे

आज पाचपाखाडीच्या डॉक्टर मॅडमकडून एक वरची कवळी परत आली. मोडलेली नाही, सैल झाल्याचीही तक्रार नाही. सोबत चिठ्ठी: "टाळू लाल झाली आहे. कवळी उजेडात नीट बघा आणि मग फोन करा."

आमच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबचं रजिस्टर काढलं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गेलेली केस, ७२ वर्षांच्या आजींची. फिनिशिंगच्या रकान्यात सही माझीच.

टेबल लॅम्पखाली धरली. ओठाकडची बाजू अजून बरी आहे. पण टाळूच्या भागावर तिरपा उजेड पडला तेव्हा मला बसायला स्टूल ओढावं लागलं. नांगरलेल्या शेतात तास दिसावेत तशा समांतर रेषा, माझ्या कार्बाइड बरच्या, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या टोकाच्या. त्यांच्यावरून बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, फिरला होता आणि चमक आली होती, पण रेषा होत्या तिथेच राहिल्या होत्या. चौदा महिन्यांत त्या रेषांत चहा बसला, दातांच्या मधल्या फटींत काळपट थर धरला. आतल्या बाजूला, जी टाळूला टेकते तिथे, खसखशीएवढे चार दाणे. पॅकिंगच्या, म्हणजे साच्यात भरण्याच्या वेळी प्लास्टरमध्ये राहिलेल्या बुडबुड्यांच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, भरलं गेलं आणि ते दाणे मी काढले नाहीत.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कारण एकटं तुमचं काम नाही. आजी रात्रीही कवळी काढत नव्हत्या, त्यामुळे कँडिडा नावाच्या बुरशीला चोवीस तास ओलं, उबदार घर मिळालं. न्यूटन यांनी १९६२ मध्ये या आजाराचे तीन प्रकार सांगितले, आजींचा दुसरा, म्हणजे कवळीखालचा सगळा भाग लाल. औषध सुरू आहे. "टाळू बरी झाली की नवी कवळी करू. तोवर तुम्ही तुमच्या पॉलिशचं काय ते बघा. वरून चकचकीत आणि खाली खरवडलेलं, असं मला नको आहे."

म्हणून ही वही. नव्या कवळीच्या आधी सहा-सात आठवडे आहेत. तेवढ्यात लॅबची पॉलिश करायची पद्धत मुळापासून तपासायची.

२६ जून

पहिला प्रश्न: गुळगुळीत म्हणजे किती? वीस वर्षं आम्ही "बोट फिरवून बघ" एवढंच मोजमाप वापरलं. बोटाला फसवणं फार सोपं आहे, ओल्या बोटाला तर त्याहून.

आकडा आहे. १९९७ मध्ये बेल्जियमच्या बोलेन, लँब्रेख्ट्स आणि क्विरिनेन यांनी तोंडातल्या कठीण पृष्ठभागांवर झालेल्या कामाचा आढावा घेतला. सरासरी खडबडीतपणा, ज्याला आरए म्हणतात, तो ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की जंतूंचा थर वाढत जातो. ०.२ च्या खाली कितीही गुळगुळीत केलं तरी थर आणखी कमी होत नाही. म्हणजे आरशासारखं करण्याच्या मागे लागायचं नाही, पण ०.२ गाठायचंच.

हे किती बारीक? डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. कँडिडाची एक पेशी चार-सहा मायक्रॉनची, जंतू एखाद्या मायक्रॉनचा. बरने काढलेल्या चरात तो आरामात बसतो, ब्रशचा केस वरून जातो आणि त्याला धक्काही लागत नाही. लाळेचा प्रवाह तिथपर्यंत पोचत नाही. एकदा बसला की दुसऱ्याला जागा करून देतो.

२९ जून, शनिवार

पट्ट्या करायला घेतल्या. आयएसओ २०७९५-१ या कवळीच्या मटेरियलच्या मानकात वाकवण्याच्या चाचणीसाठी ६४ बाय १० बाय ३.३ मिलिमीटरची पट्टी सांगितली आहे. मला वाकवायच्या नाहीत, पण माप ठरलेलं असलं की तुलना सोपी, म्हणून तेच घेतलं. मेणाच्या बारा पट्ट्या कापून तीन फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यांत, प्लास्टरमध्ये बसवल्या, डीवॅक्सिंग केलं (मेण वितळवून काढलं), गरम प्लास्टरवर कोल्ड मोल्ड सीलचे, म्हणजे ॲक्रिलिक चिकटू नये म्हणून लावायच्या द्रवाचे, दोन हात दिले.

हीट क्युअर, म्हणजे उष्णतेने घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकची पावडर तीन भाग, लिक्विड एक भाग, मापाने. अंदाजाने नाही. हाताखालचा पोरगा नेहमी "थोडं लिक्विड जास्त घालतो, भरायला सोपं जातं" म्हणतो. त्याला आज शांतपणे सांगितलं: नुसतं लिक्विड घट्ट होताना आकारमानाने २१ टक्के आकसतं, तीनास एक मिश्रण सुमारे ७ टक्के. जास्तीचं लिक्विड म्हणजे जास्तीचं आकसणं. आणि तिथे आतून पोकळी राहिली तर जगातला कुठलाही बफ ती भरून काढणार नाही.

मिश्रण झाकून ठेवलं. आधी ओल्या वाळूसारखं, मग चमच्याला तारा सुटतात, मग तारा तुटतात आणि गोळा भांड्याच्या कडेला न चिकटता सुटून येतो. तोच क्षण. तारा सुटत असताना भरलं तर दाब धरत नाही, रबरासारखं झाल्यावर भरलं तर बारीक तपशील उमटत नाही. पोरग्याला गोळा हातात देऊन तीन वेळा ओळखायला लावला, तिसऱ्या वेळेला त्याने बरोबर सांगितलं.

क्युरिंग, म्हणजे गरम पाण्यात घट्ट करणं, ७४ अंशावर आठ तास, रात्रभर. घाईत एकदम उकळत्या पाण्यात टाकणारे आहेत. रासायनिक क्रियेची स्वतःची उष्णता वेगळी असते, तीत पाण्याची भर पडली की जाड भागात लिक्विड उकळतं. ते १००.८ अंशाला उकळतं. मग आत बुडबुडे. पॉलिश करताना ते उघडे पडतात आणि आपण पॉलिशला दोष देतो.

१ जुलै

फ्लास्क बाकावरच थंड होऊ दिले, आज उघडले. बारापैकी तीन पट्ट्यांवर दाणे, कारण त्या फ्लास्कला मी व्हायब्रेटर लावला नव्हता. अॅक्रिलिकचा पृष्ठभाग म्हणजे प्लास्टरचा ठसा, आणि प्लास्टरचा पृष्ठभाग म्हणजे मेणाचा ठसा. हे शिकताना ऐकलं होतं, शिकवताना सांगितलंही. पण घाईच्या दिवशी मेणावर सुरीचे वळ तसेच ठेवून "फिनिशिंगला काढू" म्हणत आलो. फिनिशिंगला ते निघत नाहीत, तिथे बर लावावा लागतो, आणि बर नवे वळ उठवतो.

५ जुलै, शुक्रवार. वागळे इस्टेट

खडबडीतपणा मोजायचं यंत्र आमच्यासारख्या छोट्या लॅबकडे नसतं. पण आमच्याच इमारतीतले काका वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहेत. त्यांच्याकडे शाफ्ट आणि बेअरिंगच्या बैठका तपासायला रफनेस टेस्टर आहे. जेवणाच्या सुट्टीत बोलावलं.

ग्रॅनाइटच्या टेबलावर पट्टी ठेवली. यंत्राची हिऱ्याची सुई, टोक अवघं काही मायक्रॉनचं, पृष्ठभागावरून चार मिलिमीटर सरकते आणि पडद्यावर डोंगरदऱ्यांची रेघ उमटते. मी पट्टी लांबीच्या दिशेने ठेवली होती. काकांनी फिरवून आडवी केली.

"ओरखड्याच्या दिशेने मोजलंस तर सुई चरातनं सरळ निघून जाईल, तुला वाटेल काय झकास काम आहे! नेहमी आडवं मोजायचं. आणि नुसतं आरए बघून खूश होऊ नकोस. ती सरासरी आहे. एक खोल चर त्यात लपतो. आरझेड पण लिहून ठेव, त्यात शिखर ते दरीची उंची येते."

आमच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे बर, एक सँडपेपर, प्युमिस (घासायची पूड), मग शाइन (शेवटची चकाकी), अशा केलेल्या तीन पट्ट्या: ०.५८, ०.७१, ०.४९. तिन्ही दिसायला चकचकीत. माझा घसा कोरडा पडला. ही पद्धत मी आजवर किती कवळ्यांवर वापरली त्याचा हिशेब मनात आपोआप सुरू झाला.

काकांनी पट्टी डोळ्याजवळ नेऊन तिरकी केली. "अरे, तू मधल्या पायऱ्या खाल्ल्यास. लॅपिंगला आमच्याकडे नवीन पोराला पहिलं हेच शिकवतात. प्रत्येक ग्रेडला दिशा बदल, नव्वद अंशात. जुन्या रेषा सगळ्या पुसल्या गेल्या की मगच पुढची ग्रेड. एक जरी जुनी रेष दिसली तरी मागे."

शाफ्टवरचा माणूस आणि कवळीवरचा माणूस, दोघांचं शास्त्र एकच निघालं. मी निघताना त्यांनी विचारलं, "हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात जातं ना? मग आमच्यापेक्षा तुझं काम कडक पाहिजे."

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. गाड्या खोळंबल्या, पोरगा टिटवाळ्याहून निघू शकला नाही, डिलिव्हरीचा मुलगाही नाही. फोन शांत. लॅबमध्ये एकटा, एक पट्टी आणि पाण्याची परात.

जांभळी नाक्यावरून आणलेले वॉटर पेपर, गाड्यांच्या रंगकामाला वापरतात तेच, पी छापलेले. पी २२० चा दाणा साधारण ६८ मायक्रॉन, पी ४०० चा ३५, पी ६०० चा २६, पी १२०० चा १५. काचेवर पेपर पसरला, पाणी ओतलं, पट्टी तीन बोटांनी धरली.

पी २२० ने उभे हात. बरचे सगळे वळ जाईपर्यंत, कंटाळा येईपर्यंत नाही. पाणी गुलाबी दुधासारखं झालं. पट्टी धुतली, फुंकून कोरडी केली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. ओलेपणी सगळं गुळगुळीत दिसतं. पाणी चरात भरून बसतं आणि उजेड वरवर सरकतो, म्हणून तपासायचं ते कोरडं करूनच. कोरडी केली तेव्हा डाव्या कोपऱ्यात बरचा एक वळ उठून दिसला. परत पी २२०. मग पी ४०० ने आडवे हात. इथे गंमत कळते: आडव्या रेषांच्या जाळीत एखादी उभी राहिली असेल तर ती एकटी चमकून उठते, शोधावी लागत नाही. ती गेली की पी ६००, पुन्हा उभे. मग पी १२००, आडवे. शेवटी पट्टी चमकत नव्हती, पण एकसारखी धुरकट होती, काचेवर वाफ धरावी तशी. कुठेही डाग नाही, रेष नाही.

घड्याळ बघितलं. एका पट्टीला २५ मिनिटं. पण त्यानंतर प्युमिस आणि शाइनला मिळून चारच मिनिटं लागली. आजवर आम्ही जे बफवर ढकलत होतो ते काम मुळात पेपरचं आहे.

११ जुलै

प्युमिसच्या ट्रेवर आज बराच वेळ गेला आणि जावाच लागणार होता.

प्युमिस म्हणजे ज्वालामुखीची फेसाळ काच दळून केलेली पूड. पाण्यात कालवायची, पातळ पिठल्याएवढी सैल. कापडी बफवर पाणी कमी झालं की घर्षणाने पृष्ठभाग तापतो. ॲक्रिलिक १०५ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि नुसत्या बोटभर जागेवर तेवढी उष्णता यायला काही क्षण पुरतात. तापल्यावर घासलं जात नाही, सारवलं जातं. चरावर पातळ साय धरते, चकाकी मात्र झटक्यात येते. पोरग्याला दाखवायला एक पट्टी मुद्दाम कोरड्या बफवर दाबून धरली. अर्ध्या मिनिटात आरसा. काचेवर ठेवली तर मधून उजेड आरपार दिसला, पट्टी वाकली होती. पट्टीऐवजी टाळू असती तर कवळी बसलीच नसती, आणि आम्ही माप चुकलं म्हणून डॉक्टरांना बोललो असतो.

आता ट्रे. आमच्याकडे एकच ट्रे होता आणि त्यातली प्युमिस संपेपर्यंत तीच चालायची. रिपेअरला आलेली, वर्षानुवर्षं तोंडात राहिलेली कवळी त्याच ट्रेवर, आणि नवी कोरी कवळीही त्याच ट्रेवर. म्हणजे एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात, मध्ये आमचा बफ. शिवाय बफ फिरवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे लेथचा, फवारा आमच्याच नाकातोंडात. मला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहून ठेवतो.

आजपासून: दोन ट्रे, रिपेअरचा लाल, नव्याचा पांढरा. रिपेअरची केस आली की आधी जंतुनाशकात, मग टेबलावर. प्युमिस रोज संध्याकाळी फेकायची, कालवताना पाण्यात जंतुनाशक. बफ धुऊन ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात), त्यासाठी मॅडमनी त्यांच्या क्लिनिकचा ऑटोक्लेव्ह वापरायला दिला. लेथला पुढे काच आणि मागे सक्शन. मास्क न लावता लेथवर कोणी उभं राहायचं नाही, मीसुद्धा. प्युमिसच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि फुप्फुसात गेलेली सिलिका परत येत नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

लॅब अर्धा दिवस. दोन रिपेअर गेल्या. पट्ट्यांना हात लावला नाही.

२० जुलै, शनिवार. ठाणे ते घणसोली

बाकीच्या मटेरियलची बारी. ट्रान्सहार्बरने घणसोलीला, ओळखीच्या मिलिंग सेंटरमधून मिल केलेल्या, म्हणजे यंत्राने कोरलेल्या, चकतीचे तुकडे आणि थ्रीडी प्रिंट केलेल्या दोन पट्ट्या आणल्या. परतीच्या गाडीत दाराशी उभा राहून प्रिंटची पट्टी उजेडात फिरवत होतो. नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या पायऱ्या. थर ५० मायक्रॉनचे, त्यामुळे जिथे पृष्ठभाग तिरका उतरतो तिथे पायरी पडतेच. तिथल्या मुलीने सांगितलं की प्रिंट स्पिरिटात धुऊन, शेवटचं क्युरिंग पुरं झाल्याशिवाय घासायला घ्यायचं नाही, कारण कच्च्या थरावर पेपर चोंदतो. सपाट पट्टीवरच्या पायऱ्या पेपरने जातात. दातांच्या मधल्या खाचांत पेपर जाणार कसा, हा प्रश्न मला पडला आणि तिलाही उत्तर फार पटण्यासारखं देता आलं नाही. काहीजण वरून लाइट क्युअर ग्लेझ, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, लावतात. ग्लेझ चर भरून काढतं हे खरं, पण रोजच्या घासण्यात तो थर झिजला की खालचं पुन्हा उघडं. माझं मत: ग्लेझ पेपरच्या नंतर लावावं, पेपरच्या ऐवजी नाही.

मिल केलेला तुकडा सगळ्यात सरळ माणूस. कारखान्यात मोठ्या दाबाखाली आधीच घट्ट झालेली चकती, आत पोकळी नाही. कटरच्या रेषा तेवढ्या काढायच्या.

सेल्फ क्युअर, म्हणजे उष्णतेशिवाय आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक, जे आम्ही रिपेअरला वापरतो, त्याच्या दोन पट्ट्या केल्या. एक उघड्यावर, एक प्रेशर पॉटमध्ये कोमट पाण्यात. उघड्यावरची घासत गेलो तसतसे सुईच्या टोकाएवढे खड्डे उघडत गेले, एक घासला की खाली दुसरा. प्रेशर पॉटची घट्ट निघाली. रिपेअर म्हटलं की "संध्याकाळी पेशंट थांबलाय" हे ठरलेलं, आणि त्या घाईत पॉट मागे पडतो. आता पडणार नाही.

लवचिक कवळीच्या मटेरियलने, फ्लेक्सिबलने, मात्र पुरतं दमवलं. नायलॉनच जातीने वेगळं: कापलं जात नाही, ओढलं जातं. जरा वेग वाढवला की वितळून तंतू उभे राहतात, धुतलेल्या जुन्या साडीच्या काठासारखे. हळू वेग, हलका दाब, मध्ये मध्ये गार पाणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमीत कमी घासावं लागेल असं मेण. तरीही ॲक्रिलिकसारखा पृष्ठभाग आला नाही.

२४ जुलै. वागळे इस्टेट, दुसरी फेरी

पेपरच्या चारही पायऱ्या केलेल्या हीट क्युअर पट्ट्या: ०.१४, ०.११, ०.१६. आरझेडही पहिल्यापेक्षा खूप खाली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच पुढची पट्टी मागितली.

मिल केलेली ०.१ च्या खाली गेली. काका म्हणाले, इतक्या खाली गेलं की कट-ऑफ, म्हणजे मोजणीच्या एका टप्प्याची लांबी, ०.८ वरून ०.२५ मिलिमीटर करून पुन्हा मोजायचं, मानकात तसंच आहे. मोजलं, ०.०८. प्रिंटची पेपर केलेली बाजू ०.१८, न केलेली ०.९ च्या वर. सेल्फ क्युअरच्या उघड्यावरच्या पट्टीवर सुई दोनदा खड्ड्यात पडली, आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून लिहीत नाही. फ्लेक्सिबल ०.३७.

आणि कोरड्या बफवरची आरशासारखी पट्टी: ०.४४. सगळ्यांत जास्त चमकणारी हीच होती. ती मी लेथच्या वर तारेने टांगली आहे, डोळ्यांसमोर.

हे आकडे माझ्या लॅबचे, माझ्या हाताचे, मोजक्या पट्ट्यांचे. दुसऱ्याच्या लॅबला ते जसेच्या तसे लावू नयेत.

२ ऑगस्ट

नऊ दिवस पट्ट्या कडक चहात आणि हळदीच्या पाण्यात ठेवल्या होत्या, रोज नवीन. नेहमीच्या पद्धतीच्या पट्ट्यांवर रेषांच्या दिशेने तपकिरी दोरे उमटले, जणू चहाने माझे ओरखडे मोजून दाखवले. चार पायऱ्यांच्या पट्ट्या साबणाने धुतल्यावर बऱ्याचशा साफ झाल्या. हळद मात्र सगळ्यांना थोडी लागली.

आज आजींशी बोललो. मॅडमनीच नंबर लावून दिला. कवळी कशाने धुता विचारलं.

"अरे बाळा, भांड्याच्या पावडरीने. कशी लख्ख निघते! आणि कधी कधी मिश्री लावते ना, तेव्हा तीच बोटाने कवळीवर पण फिरवते."

मी पेन खाली ठेवलं. चांगल्यात चांगली पट्टी घेतली, भांड्याच्या पावडरीने ओल्या ब्रशने दोनशे वेळा घासली. चमक गेली. नखाला लागेल असं खरखरीत नाही, पण तिरप्या उजेडात नवे तास स्पष्ट. टूथपेस्टने दुसरी पट्टी घासली, तीही कमी प्रमाणात पण मंदावली. साबण आणि मऊ ब्रशने तिसरी, काही फरक दिसला नाही.

आजींना पुन्हा फोन लावला. "आजी, कवळीला पावडर नको, पेस्ट पण नको. अंगाचा साबण आणि मऊ ब्रश. खाली पाण्याचं भांडं किंवा टॉवेल ठेवा, हातातून सुटली तर फुटायला नको. रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, कोरडी ठेवू नका." मिश्रीचं काय, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, ती सोडलीत तर तुमच्या टाळूवर उपकार होतील, पण ते मॅडम सांगतील. त्या हसल्या, "बघते" म्हणाल्या.

आजवर कवळीबरोबर आम्ही एक डबी आणि बिल पाठवायचो. काय करायचं याचा मराठीतला अर्धा कागद आजपासून डबीत जाईल, मोठ्या अक्षरांत, कारण वाचणारे डोळे सत्तरीचे असतात.

१० ऑगस्ट, शनिवार

आजींची टाळू बरी झाली, मापं आली, ट्रायल झाली. आज मेणाचं शेवटचं काम माझ्याकडे.

दातांच्या मधल्या जागा भरताना घाई केली नाही. तिथे खोल कोनाडा राहिला की घास आणि थर दोन्ही अडकतात, आणि तिथे पुढे ना बफ जातो ना आजींचा ब्रश. हिरडीचा उभार उथळ ठेवला, कोपरे गोल. काही डॉक्टर ओठाकडच्या बाजूला संत्र्याच्या सालीसारखे ठिपके मागतात, खऱ्या हिरडीसारखं दिसावं म्हणून. मॅडमना विचारून आजींच्या कवळीत ते टाळले. दिसण्यापेक्षा धुतलं जाणं इथे मोठं आहे. शेवटी स्पिरिट लॅम्पची ज्योत दुरून फिरवली, मेण क्षणभर ओलसर चमकलं की लगेच दूर. मग ओल्या रेशमी फडक्याने हलका हात. मेणावरच चमक आली.

फ्लास्क करताना मेणावर आधी ब्रशने स्टोनचा (कडक प्लास्टरचा) पातळ थर, व्हायब्रेटरवर, बुडबुडा दिसला की फुंकर. वर प्लास्टर. आतल्या बाजूचं मॉडेलही भिंगाखाली बघितलं, दोन बारीक खड्डे स्टोनने बुजवले.

१३ ऑगस्ट

उघडली. बर फक्त कडेच्या फ्लॅशला (बाहेर आलेल्या जादा ॲक्रिलिकला) लागला, टाळूच्या भागाला लावलाच नाही, गरजच पडली नाही. तिथे सरळ पी ४०० पासून सुरुवात. वळणदार जागी पेपर बोटाभोवती गुंडाळून, खाचांत पेपरची चिंचोळी पट्टी दोरीसारखी ओढून, पुढे फेल्ट कोन आणि बारीक ब्रश. दात मेणटेपने झाकले, प्युमिस दातांवर गेली तर त्यांची चमक जाते.

आतल्या बाजूला पॉलिश करत नाहीत, तिथे टाळूचा ठसाच हवा. पण दाणे आणि काटे काढायचे. त्यासाठी कापसाचा बोळा सगळीकडून हलक्या हाताने फिरवला. एका जागी दोन धागे अडकले. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, बोटालाही नाही. तिथे पेन्सिलची खूण केली, बारीक बरने टेकवून काढलं, पुन्हा कापूस. या वेळी मोकळा गेला.

फिनिशिंग आणि पॉलिशिंगला एकूण ५५ मिनिटं. आधी २० लागायची. शिवाय मेणावर वाढलेली १५ मिनिटं धरली तर फरक आणखी मोठा. दर केसमागे हा वेळ कुठून काढायचा, हे मॅडमशी आणि बाकीच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल. दर थोडा वाढवावा लागेल. सगळे मान्य करतील असं नाही. जे करणार नाहीत त्यांच्या केसमधून पायरी मात्र गाळणार नाही, केस घेणंच कमी करीन.

कवळी स्वच्छ पाण्यात ठेवली, डिलिव्हरीपर्यंत तिथेच. पाण्यात राहिल्याने उरलासुरला मोनोमर, म्हणजे घट्ट न झालेलं लिक्विड, थोडा बाहेर येतो आणि बसवतानाची वासाची, चुरचुरण्याची तक्रार कमी होते.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मॅडमच्या क्लिनिकमध्ये बसवताना मला बोलावलं होतं. आजींबरोबर त्यांची सून आली होती. मॅडमनी आधी टाळू दाखवली, गुलाबी, ओली, शांत. कवळी बसवली. आजी बराच वेळ जीभ फिरवत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, "अगं, ही आधीचीसारखी जिभेला ओढत नाही." जुनी कवळी जिभेला ओढत होती हे त्यांनी चौदा महिन्यांत कोणालाच सांगितलं नव्हतं. कवळी अशीच असते असं त्यांना वाटलं होतं.

डबीतला कागद सुनेने मोठ्याने वाचून दाखवला. भांड्याच्या पावडरीच्या ओळीशी आजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

२२ ऑगस्ट

पोरग्याने आज एक खालची कवळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने केली. पी ६०० वरून एकदा स्वतःहून पी ४०० वर परत गेला, मी न सांगता. तिरप्या उजेडात पाहिली, एका दाढेच्या मागे एक उभी रेष अजून होती. त्याला दाखवली. तो पुन्हा परातीशी जाऊन बसला.

पुढच्या महिन्यात: दोघांच्या हातच्या तीन-तीन पट्ट्या काकांकडे. लाल ट्रेसाठी वेगळा लेथ बसतो का, जागा मोजायची. नौपाड्यातल्या दोन डॉक्टरांना दराबद्दल फोन.